अतिशहाणं कार्ड

कार्ड मेलं तेव्हा आवाजही झाला नाही. मे महिन्यातली दुपार, वीज नुकतीच जाऊन आलेली. माझा घरी जुळवलेला स्टोरेज सर्व्हर पुन्हा सुरू झाला, पण नेहमीसारखा मिनिटभर अडखळला नाही. एरवी काळ्या पडद्यावर कार्डाचं नाव यायचं, खाली ठिपके सरकायचे, चारही डिस्कची हजेरी व्हायची आणि मगच गाडी पुढे निघायची. त्या दिवशी हजेरी झालीच नाही. पेटी उघडून कार्डावरच्या हीटसिंकला बोट लावलं. एरवी त्याला दोन सेकंदही बोट टेकवता यायचं नाही, आणि आज तो थंड होता.

चारही डिस्क ठणठणीत होत्या. त्यांच्यावर वीस वर्षांचे फोटो होते, कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या आजीच्या ओव्या होत्या, बाकी घरातला कागदोपत्री पसारा. पण यातली कुठलीही डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून काही दिसणार नव्हतं. कार्डाने प्रत्येक फाईलचे तुकडे करून ते चार डिस्कवर पत्ते वाटावे तसे वाटून टाकले होते. कुठला तुकडा कुठे, हे सांगणारी मांडणी डिस्कवरच लिहिलेली होती, पण कार्डाच्या स्वतःच्या लिपीत. ही मांडणी लिहिण्याची डीडीएफ नावाची एक सामाईक पद्धत आहे आणि लिनक्सला ती थोडीफार वाचता येते. मी तोही प्रयत्न केला, पण हाती काही लागलं नाही. शेवटी त्याच घराण्यातलं दुसरं कार्ड शोधणं आलं. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात दोन शनिवार घालवल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक जुनं कार्ड मिळालं. ते लावलं तर पडद्यावर निरोप: परकी मांडणी सापडली आहे, आयात करू की पुसून टाकू? माझ्याच घरातल्या माझ्याच डिस्क, आणि हा नवा पाहुणा त्यांना परकं म्हणत होता. दोन्ही पर्याय एकमेकांखाली, मध्ये एका ओळीचंही अंतर नाही. बाण खाली-वर करताना बोट थरथरत होतं हे कबूल करायला हरकत नाही.

सगळं परत मिळालं. पण त्या तीन आठवड्यांत एक गोष्ट मनात पक्की बसली. डिस्क मेली तर निभावून न्यावं म्हणून मी कार्ड घेतलं होतं. डिस्क एकही मेली नाही, कार्डच मेलं.

हे कार्ड म्हणजे हार्डवेअर रेड कंट्रोलर. रेड या नावाचा रंगाशी काही संबंध नाही. १९८८ साली शिकागोच्या सिगमॉड परिषदेत बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध वाचला आणि त्यातून हे नाव रुजलं. त्या काळी मेनफ्रेमसाठी आयबीएमची ३३८० ही कपाटाएवढी डिस्क असायची, ७,५०० एमबीची. दुसरीकडे पर्सनल कॉम्प्युटरसाठी कॉनर कंपनीच्या १०० एमबीच्या साडेतीन इंची डिस्क येऊ लागल्या होत्या. तिघांचं म्हणणं असं की एका महागड्या हत्तीऐवजी स्वस्त बैलांचा तांडा जुंपा. आरएआयडी या आद्याक्षरांतल्या आयचा मूळ अर्थ ‘स्वस्त’ असाच होता. पुढे स्वस्त हा शब्द कंपन्यांना खपेना, तेव्हा त्याच अक्षरात ‘स्वतंत्र’ बसवण्यात आलं.

तांड्याची अडचणही त्यांनीच मांडली होती. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं, तर शंभर डिस्कच्या तांड्यात दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, कुठली तरी एक बसणार. म्हणून जादा डिस्क ठेवायच्या आणि त्यांच्यावर हिशेब लिहायचा. हिशेब शाळकरी पोरालाही जमेल असा आहे. तीन डिस्कवरच्या एकाच जागेचे बिट १, ०, १ आहेत. एक हा आकडा दोनदा आला, म्हणजे सम वेळा, म्हणून चौथ्या डिस्कवर ० लिहायचा. विषम वेळा आला असता तर १ लिहिला असता, म्हणजे एकंदर नेहमी समच राहतं. आता मधली डिस्क मेली. उरले १, १, ०. एकांची संख्या सम आहेच, तेव्हा गेलेला बिट ०. यालाच एक्सऑर म्हणतात, आणि रेड ५ मधली सगळी जादू ती एवढीच. फक्त हिशेबाचा तुकडा एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीने सगळ्यांवर फिरवायचा.

मग कार्ड कशाला? नव्वदच्या दशकात त्याला कारण होतं. तेव्हाच्या प्रोसेसरला हा हिशेब जड जायचा, म्हणून कार्डावर वेगळा छोटा प्रोसेसर बसवला. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. नवा तुकडा लिहिला, आणि त्याचा हिशेब लिहिण्याआधी वीज गेली, तर दोघांचा मेळ तुटतो. या भगदाडाला ‘राइट होल’ म्हणतात. ते बुजवायला कार्डावर मेमरी आणि तिला बॅटरी दिली. वीज गेली तरी अर्धवट काम मेमरीत जिवंत राहतं आणि वीज आल्यावर पुरं होतं. शिवाय मेमरीत पोचलं की ‘लिहून झालं’ असं कार्ड संगणकाला कळवून टाकतं, त्यामुळे लिहिणं झपाट्याने होतं. ऑपरेटिंग सिस्टिमला सगळा तांडा एकच मोठी डिस्क म्हणून दिसतो. तिला आत डोकावावं लागत नाही आणि डोकावताही येत नाही.

आज यातलं पहिलं कारण उरलेलं नाही. लिनक्समध्ये रेडची मोड्यूल चढताना ती स्वतःच हिशेबाच्या वेगवेगळ्या पद्धतींची शर्यत लावतात आणि जिंकणारीचा वेग लॉगमध्ये लिहितात. साध्या घरगुती प्रोसेसरवरही तो आकडा सेकंदाला कित्येक जीबीचा असतो. आणि हा वेग जाणार कुठे? बहुतेक घरांत एक गिगाबिटचं नेटवर्क असतं, त्यातून सेकंदाला ११० ते ११८ एमबीच्या पुढे काही जात नाही. एवढा मजकूर आजची एकटी हार्ड डिस्कसुद्धा पुरवते. गल्लीतल्या नळाला अर्ध्या इंचाचा पाइप असताना गच्चीवर धरणाचा दरवाजा बसवण्यातला हा प्रकार आहे. मी तो बसवला होता आणि मित्रांना कौतुकाने दाखवलाही होता.

बॅटरीची गोष्ट तर अजून मजेशीर. जुन्या बाजारातून आलेल्या कार्डाची बॅटरी बहुधा संपलेलीच असते, कधी फुगलेलीही असते. बॅटरी मेली की शहाणं कार्ड मेमरीचा वापर थांबवतं आणि प्रत्येक गोष्ट डिस्कवर उतरेपर्यंत वाट पाहायला लागतं. लिहिण्याचा वेग कोसळतो. मग मालक चडफडत मेनूत शिरतो. तिथे एक पर्याय सापडतो: बॅटरी असो नसो, मेमरी वापरच. तो निवडला की वेग परत येतो, मालक खूश. पण ज्या भगदाडासाठी कार्ड घेतलं तेच त्याने आपल्या हाताने उघडून ठेवलेलं असतं. पुढच्या पिढीच्या कार्डांत बॅटरीऐवजी मोठा कपॅसिटर आणि फ्लॅश आले. ते बरेच टिकाऊ आहेत, पण घरगुती बजेटात क्वचित बसतात.

यापेक्षा फसवा भाग डिस्कच्या स्वभावाचा. साधी डेस्कटॉप डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर हट्टाने पुन्हा पुन्हा वाचत बसते, कधी मिनिटभर, कधी त्याहूनही जास्त. एकट्या डिस्कने असा हट्ट करणंच योग्य, कारण तिच्याकडे दुसरी प्रत नाही. पण रेड कार्डाला इतका धीर नसतो. काही सेकंद उत्तर आलं नाही की ते डिस्क मेली असं समजून तिला पंगतीतून उठवतं. म्हणून सर्व्हरच्या आणि नॅसच्या (नेटवर्कवरून वापरायच्या साठवण-पेटीच्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून ‘वाचता आलं नाही’ असं सांगून मोकळ्या होतात. हीच सोय वेस्टर्न डिजिटलमध्ये टीएलईआर आणि सीगेटमध्ये ईआरसी या नावाने ओळखली जाते. स्वस्त डिस्क आणि कडक कार्ड अशी जोडी जमवली की एका खराब सेक्टरपायी धडधाकट डिस्क बाद होते, नवी डिस्क भरायला घेतली की त्या ताणात दुसरीही हट्टाला पेटते आणि कार्ड तिलाही उठवतं. रेड ५ मध्ये दोन डिस्क गेल्या म्हणजे सगळं गेलं. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडलाही हा त्रास होतो, पण तिथे वाट पाहण्याची मुदत ३० सेकंदांवरून आपल्याला हवी तेवढी वाढवता येते. कार्डाची सहनशक्ती सहसा आपल्या हातात नसते.

डिस्क घेताना आणखी एका गोष्टीकडे बघावं लागतं. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या त्यांच्या ‘रेड’ (इथे मात्र रंगाचंच नाव) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या आहेत. एसएमआर म्हणजे घरावरची कौलं. प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर थोडी चढलेली, त्यामुळे कमी जागेत जास्त मावतं. पण मधलंच एक कौल बदलायचं तर वरची उचलून परत बसवावी लागतात. नुसते फोटो साठवताना हे जाणवत नाही, पण मेलेल्या डिस्कच्या जागी नवी डिस्क भरताना ती धापा टाकायला लागते. ८ टीबीची चांगली डिस्कसुद्धा सेकंदाला १५० एमबीने भरायला घेतली तर पंधरा तास जातात. इतका वेळ तांडा एका पायावर उभा असतो. म्हणून मोठ्या डिस्कना रेड ५ ऐवजी दोन डिस्क गेल्या तरी तगणारी पद्धत किंवा सरळ जोड्या लावणं बरं.

आता खरा मुद्दा. डिस्क मरणं ही त्यातल्या त्यात सोपी आपत्ती, कारण ती कळते. कठीण असतं ते न कळणारं बिघडणं: डिस्क एक लिहिते, वाचताना दुसरंच देते आणि तक्रार करत नाही. २००७ साली जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेने हे तपासून पाहिलं. ३,००० हून जास्त यंत्रांवर दर दोन तासांनी २ जीबीची फाईल लिहायची आणि वाचून ताडायची. पाच आठवड्यांत १०० यंत्रांवर ५०० चुका सापडल्या. त्यातल्या मोठ्या भागाचा संबंध रेड कार्ड आणि डिस्क यांच्या आपसात न जुळण्याशी निघाला. कार्डाला याचा पत्ता लागेलच असं नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. रात्री-अपरात्री कार्ड सगळ्या डिस्क फिरून तपासतं खरं, पण तुकडे आणि हिशेब जुळत नाहीत असं दिसलं तर चूक कुणाची हे रेड ५ ला सांगता येत नाही. तुकडाही खोटा असू शकतो, हिशेबही. मग ते तुकडा खरा मानून हिशेब नव्याने लिहितं. चूक अशी कायमची पक्की होते.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ साली सुरू केलेल्या आणि २००५ मध्ये खुल्या झालेल्या झेडएफएस या फाईल सिस्टिमने याचं उत्तर दिलं. प्रत्येक तुकड्याचं ओळखचिन्ह, म्हणजे चेकसम, काढायचं आणि ते तुकड्याजवळ न ठेवता त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या तुकड्यात ठेवायचं. माल गोदामात आणि पावती पेढीवरच्या वहीत, अशी ही सोय. वाचताना ओळखचिन्ह जुळलं नाही तर झेडएफएस दुसऱ्या डिस्कवरची प्रत किंवा हिशेब वापरून खरा तुकडा उभा करतं, तो तुम्हाला देतं आणि जाता जाता खराब जागाही दुरुस्त करतं. शिवाय ते जुन्या तुकड्यावर कधीच लिहीत नाही. नवा तुकडा नव्या जागी लिहून झाला की मगच बोट तिकडे वळवतं. त्यामुळे राइट होल उरतच नाही, आणि बॅटरीचीही गरज नाही.

पण हे सगळं तेव्हाच, जेव्हा त्याला खऱ्या डिस्क दिसतात. हार्डवेअर रेडच्या वर झेडएफएस बसवलं तर त्याला एकच मोठी डिस्क दिसते. चूक झाली हे ते अचूक सांगतं, दुरुस्त मात्र करू शकत नाही, कारण दुसरी प्रत कार्डाच्या पडद्यामागे आहे. माणूस हे वाचतो आणि एक पळवाट काढतो: कार्डाला सांगायचं, प्रत्येक डिस्कचा वेगळा रेड ० (हिशेब न ठेवणारा रेड) कर. चार डिस्क, चार रेड. दिसायला सरळ, पण मध्ये कार्ड आहेच. डिस्कच्या तब्येतीचे स्मार्ट आकडे थेट मिळत नाहीत, त्यासाठी आडवळणाची आज्ञा द्यावी लागते. डिस्क मेली तर नवी लावून आधी कार्डाच्या मेनूत शिरून तिचा रेड बनवावा लागतो. मेमरी मध्ये उभी राहून ‘लिहून झालं’ म्हणत राहते. आणि कार्ड गेलं की पुन्हा आपला तोच लॅमिंग्टन रोड.

खरा उपाय म्हणजे कार्डाला अडाणी करणं. एलएसआयच्या सॅस २००८ या चिपची कार्डं वर्षानुवर्षं जुन्या सर्व्हरमधून बाजारात येत आली आहेत: एलएसआयचं स्वतःचं ९२११, आयबीएमचं एम १०१५, डेलचं एच ३१०. चिप एकच, वर वेगवेगळ्या टोप्या. त्यांच्यात आयटी फर्मवेअर घातलं की रेडचं सगळं शहाणपण पुसलं जातं आणि उरतं ते डिस्क जशा आहेत तशा पुढे करणारं साधं दार. एच ३१० च्या बाबतीत तर वेगही वाढतो. मूळ फर्मवेअर एका वेळी २५ च आज्ञा रांगेत घ्यायचं, आयटीवर ती रांग ६०० पर्यंत जाते. मात्र मेमरी-बॅटरीवाल्या बऱ्याच कार्डांना असं अडाणी होता येत नाही, तेव्हा घेतानाच पाहून घ्यावं.

हे काम अर्ध्या तासाचं, पण त्यात जीव मुठीत धरायचा एक क्षण येतो. आधी कार्डावरच्या चिकटचिठ्ठीवरचा सोळा अंक-अक्षरांचा सॅस पत्ता कागदावर उतरवून घ्यायचा, कारण पुसताना तोही जातो आणि परत हाताने भरावा लागतो. मग जुनं फर्मवेअर पुसायचं. पुसल्यापासून नवं भरेपर्यंतच्या मधल्या काळात संगणक बंद पडला, तर कार्डाची वीट होऊ शकते. म्हणून हा उद्योग वीज जाण्याच्या वेळा ओळखून करावा. फर्मवेअरची २० वी पिढी घ्यायची, पण तिच्यातली ००.०७.०० ही आवृत्ती. सुरुवातीच्या आवृत्त्यांवर चुकांच्या तक्रारी होत्या.

एच ३१० काही घरगुती मदरबोर्डवर लावलं की संगणक सुरूच होत नाही. त्याचं औषध बघून मी हसलो होतो: कार्डाच्या सोनेरी कडेवरच्या बी ५ आणि बी ६ या दोन पिनांवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचा. त्या दोन तारांवरून कार्ड मदरबोर्डशी जी कुजबुज करतं ती काही बोर्डांना सहन होत नाही. पट्टी लावून तिचं तोंड बंद केलं की सगळं सुरळीत. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा चिमट्याने बसवताना मला तीन प्रयत्न लागले.

केबलचाही एक सापळा आहे. कार्डावर दोन चपटी सॉकेट असतात, प्रत्येकातून चार साटा डिस्कना फाटे फुटतात. या केबल दोन प्रकारच्या मिळतात, कार्डाकडून डिस्ककडे जाणारी आणि उलटी. दिसायला जुळ्या बहिणी. उलटी लागली तर काही जळत नाही, काही दिसतही नाही. एक अख्खी संध्याकाळ मी कार्डालाच दोष देत बसलो होतो.

आणि उष्णता. ही कार्डं सर्व्हरच्या पेटीसाठी बनलेली, जिथे पंखे विमानासारखे किंचाळत असतात. कार्डाच्या कागदपत्रांत मिनिटाला २०० फूट वेगाने हवा वाहती हवी असं लिहिलेलं असतं. बैठकीच्या खोलीतल्या शांत पेटीत ती हवा कुठून येणार? माझं पहिलं कार्ड बहुधा यानेच गेलं. आता हीटसिंकवर ४० मिलिमीटरचा छोटा पंखा दोन प्लॅस्टिक टायने बांधलाय. दिसायला गबाळं, पण बोट आरामात टेकतं.

हार्डवेअर रेडची अजूनही एक जागा आहे, हे सांगायला हवं. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयला स्वतःचं सॉफ्टवेअर रेड येत नाही, आणि छोट्या कार्यालयातल्या विंडोज सर्व्हरलाही चांगल्या कार्डाने बरं पडतं. अट एवढीच की कपॅसिटर किंवा बॅटरी जिवंत असावी, तसंच दुसरं कार्ड कपाटात असावं, आणि कार्ड बोंबलायला लागलं की ते ऐकायला माणूस असावा. बँकेत, रुग्णालयात हा माणूस असतो. माझ्या घरी कार्ड बोंबललं असतं तर शेजाऱ्यांनी वॉशिंग मशीन समजून दार वाजवलं असतं.

वीज जाण्याचा प्रश्न झेडएफएसनेही पूर्ण मिटत नाही, डिस्कना धक्के बसतातच. घरचा इन्व्हर्टर पंख्या-दिव्यांसाठी असतो, बदलाच्या क्षणी संगणक कधी तगतो, कधी नाही. मी छोटा यूपीएस लावला आणि त्याची यूएसबी तार सर्व्हरला जोडली. आता बॅटरी उतरत आली की सर्व्हर स्वतःच नीट बंद होतो. आणि आजीच्या ओव्या? त्यांची एक प्रत बहिणीच्या घरी दुसऱ्या गावात आहे. चुकून पुसलेली फाईल कुठलंच रेड परत देत नाही. ते तर पुसणंसुद्धा चारही डिस्कवर इमानेइतबारे करतं.

गेल्या दिवाळीत सर्व्हरची पेटी बदलली. मदरबोर्ड नवा, प्रोसेसर नवा. कुठली डिस्क कुठल्या केबलला होती हे लिहून ठेवायचं राहून गेलं. मग दोन डिस्क कार्डाला लावल्या, दोन थेट मदरबोर्डला, मनाला येईल त्या क्रमाने. झेडएफएसला झेडपूल इम्पोर्ट अशी एक आज्ञा दिली आणि चहा ठेवायला उठलो. परत येईपर्यंत सगळे फोल्डर जागच्या जागी होते.

मेलेलं कार्ड अजून खणात आहे. त्याची पत्र्याची पट्टी तेवढी काढून घेतली. अडाणी कार्डासोबत आलेली पट्टी बुटक्या सर्व्हरची होती, माझ्या पेटीला उंच पट्टी लागते.